पंखा एकवर

चढ लागला आणि गार वारा गेला. गेला म्हणजे एकदम नाही. आधी त्याचा जोर उतरला, मग आवाज उतरला, आणि गाडी उड्डाणपुलाच्या मध्यावर येईपर्यंत जाळीतून नुसती एक मरतुकडी झुळूक येत राहिली. तिने स्टिअरिंगवरचा एक हात काढून जाळीसमोर धरला. काही नाही. "गेलीस पुन्हा मूळ वळणावर," ती गाडीला म्हणाली. पुढे सळयांनी भरलेला ट्रक, मागे हॉर्नवर बसलेला कुणीतरी, काचेवर भर दुपारचं ऊन, आणि आरशात मधल्या रांगेतले अप्पा, उशीला टेकलेले, तोंड अर्धवट उघडं. ते काहीतरी सांगत होते. सांगता सांगता थांबले होते, कारण तिने मध्येच विचारलं होतं, "मग दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?" हा प्रश्न तोंडातून कसा निघाला हे तिचं तिलाच कळलं नव्हतं, पण निघाला होता, आणि उत्तरासाठी अप्पांनी श्वास घेतला होता, आणि नेमकी तेव्हाच या गाडीने मान टाकली. अप्पांना खोकला आला. खिडकी उघडायची सोय नव्हती. बाहेरची धूळ त्यांच्या घशात गेली की खोकला थांबायचा नाही, आणि खोकला थांबला नाही की रुमालावर लाल ठिपके यायचे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, काचा बंद. म्हणजे ही बंद काचांची पेटी, वर तापलेला पत्रा, आणि आत एक म्हातारा माणूस हळूहळू शिजणार. तिने बटण दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा मूठच मारली.

दोन दिवसांपूर्वी याच पुलाच्या पलीकडे अप्पांची शुद्ध गेली होती. घशाला किरणांचे शेक घ्यायच्या केंद्रावर पोचेपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले होते. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आता त्याच्या कल्ल्यांत पांढरे केस आले तरी घरात तो धाकटाच. "ताई, बास झालं," तो म्हणाला. "केंद्राच्या मागेच निवास आहे. राहिलेले शेक होईपर्यंत त्यांना तिथे ठेवू. मी बोललोय, सोमवारपासून खोली मिळते." ती म्हणाली, गाडी दुरुस्त करून घेते. तो म्हणाला, "गाडीला काहीच झालेलं नाही गं. रविवारी आम्ही सगळे धरणावर जाऊन आलो. मागे पोरं कुडकुडत होती, तुझ्या वहिनीला शाल काढावी लागली. तुझ्याच हातात गेली की कशी बिघडते?" हे त्याने हसत विचारलं. तो सगळंच हसत विचारतो. गाडी दोघांनी मिळून घेतली होती, जुनीच, सात माणसांची, अप्पांना आडवं होता यावं म्हणून मधली सीट बदलून घेतलेली. रविवारी ती धाकट्याची आणि आठवडाभर हिची. कामाची वाटणी झाली तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. हिला संध्याकाळची पाळी, हिला पोरंबाळं नाहीत, हिला गाडी चालवता येते. मग अप्पांना रोज नेणार कोण हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. ज्या बापाच्या आवाजाने आपण दाराआड लपायचो त्याला रोज मांडीवरच्या बाळासारखं जपून न्यायचं, आणि वर तुझ्याच हातात कशी बिघडते हे ऐकून घ्यायचं.

गॅरेजवाल्याने तर कहर केला होता. पहिल्यांदा गेली तेव्हा त्याने गॅस तपासला, पट्टा तपासला, फ्यूज काढून उन्हात धरून बघितला, आणि गाडीत बसून काचा लावून पंखा पूर्ण सोडला. गारेगार. दुसऱ्यांदा एक चक्कर मारून आला, रेडिओ लावून, गाणं गुणगुणत. गारेगार. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा त्याने बॉनेटही उघडलं नाही. हात पुसत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही बटण कोणतं दाबता?" तळपायाची आग मस्तकात गेली. जे बटण तुझी बायको दाबते तेच, असं म्हणायचं जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात त्याने बिलावर लिहिलेल्या ओळीकडे तिचं लक्ष गेलं. पाहणीत दोष आढळला नाही. ही ओळ तिच्या ओळखीची होती. तिच्या पोटापाण्याची होती. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात कानाला हेडफोन लावून ती हीच ओळ लोकांना वाचून दाखवत असे. लोक सांगायचे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, कधी कधी, नेहमी नाही. कंपनीचा माणूस जायचा तेव्हा लिफ्ट गरीब गाईसारखी वर-खाली करायची. मग ती मधाळ आवाजात सांगायची, पाहणीत दोष आढळला नाही. पलीकडचा माणूस चवताळायचा, म्हणायचा, म्हणजे मी खोटं बोलतोय का? ती म्हणायची, तसं नाही सर. लोकांची बोलणी खायचाच पगार होता. पण आता गॅरेजच्या दारात, हातात ते बिल धरून उभं असताना तिला कळलं की चवताळलेल्या माणसाला राग बिघाडाचा नसतोच. आपण सांगतो ते या जगात घडलंच नाही असं कुणीतरी शांतपणे सांगतं, त्याचा असतो.

आणि खरं तर ही शिकवणी तिची लहानपणीच झाली होती. अप्पा जहाजं तोडण्याच्या यार्डात मुकादम होते. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं, क्रेन ओरडायची, आणि त्या सगळ्यावरून ज्याचा आवाज जाईल तो मुकादम. अप्पांचा जायचा. चाळीतली पोरं त्यांना भोंगा म्हणायची. "भोंगा झाला रे," असं म्हणून खेळ मोडायचे, कारण कोपऱ्यावर अप्पांची हाक ऐकू आली म्हणजे सगळ्यांचीच घरी जायची वेळ झालेली असायची. बाहेरच्यांना गंमत होती. घरात तो आवाज उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवला जायचा नाही. मीठ कमी पडलं तरी तोच, बल्ब गेला तरी तोच, आणि काही चुकलं तर तिला भिंतीपाशी उभं करून तोच. काय केलंस? ती सांगायची. "मोठ्याने. ऐकू आलं नाही." ती पुन्हा सांगायची. "परत." तिला ठाऊक असायचं की त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं आहे. त्यांनाही ठाऊक असायचं की तिला हे ठाऊक आहे. तरी परत, परत, शब्दांचा चोथा होईपर्यंत. रात्री आई पाठीवरून हात फिरवत एकच सांगायची, "तुमच्यासाठी राहिलेत गं ते. परदेशातली नोकरी हातात आलेली सोडून राहिले. ओरडू देत." झालं. एवढ्या एका वाक्यावर दोन भावंडांचं तोंड जन्मभर बंद झालं. ज्याने आपल्यासाठी एवढं सोडलं त्याच्यावर रागवायचं कुठल्या तोंडाने? पण राग काही जात नाही. तो उकळत राहतो, वर झाकण ठेवलं तरी. आई गेली, घर बदललं, अप्पा धाकट्याकडे राहायला गेले, ही एकटी दोन खोल्यांत राहू लागली, आणि झाकण तसंच राहिलं.

मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत आवाजाची एक शीर गेली. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल असं नाही. धाकट्याच्या घरात टीव्ही, पोरं, मिक्सर, कुकर. त्या गदारोळात अप्पा हातवारे करायचे. पाणी हवं तर अंगठा ओठाला, दिवा मालवायचा तर बोट फिरवायचं. भोंग्याचा मुका झाला, असं ती मनात म्हणाली होती, आणि तिला त्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण शेकाच्या पहिल्या आठवड्यात, सिग्नलला गाडी उभी असताना, मागून काहीतरी आलं. आवाज नव्हता तो. कागदावरून बोट ओढावं तसं काहीतरी. "डावीकडची लेन रिकामी आहे." तिने आरशात पाहिलं. अप्पांचे ओठ हलत होते. तिचा हात आपोआप पंख्याच्या गोल बटणाकडे गेला आणि तिने ते चारवरून एकवर आणलं.

आपोआप. पुढे रोज आपोआप. अप्पा घरी बोलायचे नाहीत, केंद्रावर बोलायचे नाहीत, फक्त या बंद काचांच्या पेटीत बोलायचे, तेही तिच्याशी म्हणून नाही, खिडकीबाहेर बघत. बहुतेक फालतूच असायचं. दुकानांच्या पाट्या वाचायचे. इथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. त्या पेट्रोल पंपाचा मालक माझ्या हाताखाली होता, एक नंबरचा कामचुकार. ती हं म्हणायची. राग यायचा. आयुष्यभर ज्या माणसाने बोलू दिलं नाही त्याचं बोलणं ऐकायला आपण कान टवकारून बसतो, ट्रक आला की चिडतो, मागचा शब्द निसटला की पुढचे चार शब्द मनातल्या मनात लावून पाहतो, याचा राग. आज पुलाच्या अलीकडे त्यांनी सुरू केलं, "मी निघालो होतो, माहितीये? ट्रंक घेऊन." तिची मान ताठ झाली. आई जे सांगायची तेच, पण पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून. "डेपोत पोचलो आणि लक्षात आलं, डबा घरीच राहिला. परत आलो. तेवढ्यात बस गेली." डबा? तिला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. दार धाडकन उघडलं, अप्पा ट्रंक घेऊन आत आले आणि पहिला शब्द ओरडले तो 'डबा' होता. आईने सांगितलेला तो डोंगराएवढा त्याग, ज्याच्याखाली ती चिरडून मोठी झाली, तो एका डब्यावर उभा होता? म्हणून तिने विचारलं होतं, मग दुसऱ्या दिवशी का नाही गेलात.

केंद्रावर पोचेपर्यंत अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण शुद्ध शाबूत होती. मदतनीस चाकाची खुर्ची घेऊन आला, त्याने अप्पांना उतरवून आत नेलं. ती शेडखाली गाडीत बसून राहिली आणि तोंडाने येईल ते बोलत राहिली, गाडीला, धाकट्याला, गॅरेजवाल्याला, त्याच्या बटणाला. मग इंजिन बंद करून दार आपटून उतरली आणि पाण्यात पाय पडला. गाडीखाली थारोळं साचलं होतं. एसीचं पाणी ठिपकतं हे तिला माहीत होतं. पण हे ठिपकत नव्हतं, खालच्या नळीतून धार लागली होती. वाकून हात लावला. पाणी बोचरं गार. एवढं गार पाणी आलं कुठून, वरती तर भट्टी होती? ती तशीच उकिडवी बसून राहिली. तिच्या घरच्या जुन्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात बर्फ इतका धरायचा की खालचं दूध नासायचं. ती दर महिन्याला तो बंद करून फडकी पसरायची, आणि अशीच धार लागायची. बर्फच थंडीची वाट अडवून बसायचा. ती उठली, गाडी सुरू केली, पंखा एकवर ठेवला आणि जाळीशी गाल नेऊन थांबली. आधी छान गार, शांत. बराच वेळ छान. मग हळूहळू दम गेला. बंद केली, वाट पाहिली, खाली धार. पुन्हा सुरू केली, या वेळी चारवर. वारा सुटला तो सुटला, थांबायचं नावच नाही, ती कुडकुडायला लागली तरी. पुन्हा एकवर. पुन्हा दम गेला. तिला हसू आलं आणि लगेच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. धाकटा पोरांना घेऊन चारवर चालवतो. गॅरेजवाला चारवर चालवतो, वर रेडिओ लावून. दुनियेत कुणालाही या गाडीत कुणाचं ऐकायचं नाही. एकवर फक्त ती चालवते. बापाला भाजून काढत होतं ते दुसरं तिसरं काही नव्हतं, तिचे कान होते.

तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. "हां, मग बरोबर आहे," तो म्हणाला, जणू त्यानेच शोध लावला होता. "आत बर्फ धरतोय. बर्फ धरायच्या आत मशीन थांबवायला एक सेन्सर असतो, तो गेला असणार. डॅशबोर्ड खोलावा लागेल. मॉडेल जुनं आहे, पार्ट मागवावा लागेल. गाडी ठेवून जा."

"किती दिवस?"

"पार्ट आला की लगेच."

"म्हणजे किती दिवस?"

"आता ते पार्टवर आहे ना मॅडम. तोवर चारवर चालवा की. एकवर कोण चालवतं?"

"हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" ती ओरडली. शेडखालचे दोन ड्रायव्हर वळून बघू लागले.

"तुम्ही एकवर ठेवता हे बोलला नाहीत," तो म्हणाला. बोलली नव्हती. स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती.

परतताना तिने बटण चारवर नेऊन ठेवलं. गाडीभर वारा घोंगावला. कडक थंडी, पुलाच्या चढावरही कायम, सिग्नलच्या रांगेतही कायम. अप्पांच्या कपाळावरचा घाम सुकला. आणि आरशात त्यांचे ओठ हलायला लागले. खिडकीबाहेर बघत, सवयीने. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. तिने मान मागे नेली, श्वास रोखला. घोंगावण्याशिवाय काही नाही. तिला भलतीच चीड आली. लहानपणी ती उशीत डोकं खुपसून मागायची, देवा, यांचा आवाज बंद कर. देवाने किती वर्षांनी ऐकलं, आणि ऐकलं ते असं. "ऐकू येत नाही," ती म्हणाली. अप्पांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजले. ओठ मिटले. मग हात उचलून त्यांनी घरच्यासारखी खूण केली, बोटं झटकून. काही नाही, जाऊ दे.

धाकट्याच्या घरी सोडताना ती नेहमीसारखी दारातून वळली नाही, आत गेली. टीव्हीवर सामना चालला होता, पोरं गाद्या उडवत होती, वहिनी ओट्यापाशी मिक्सर फिरवत होती. "दोष सापडला," ती म्हणाली. "पंखा चारवर ठेवला की काही होत नाही. सोमवारी मीच नेणार. निवास नको."

"म्हणजे तू कितीवर ठेवत होतीस?" धाकट्याने विचारलं.

"एकवर."

"एवढ्या उन्हात एकवर? का?"

तिने ओठ चावला. "अप्पा बोलतात म्हणून," ती म्हणाली.

धाकट्याने टीव्हीचा आवाज कमी केला नाही, फक्त मान वळवली. "कोण बोलतं?"

"अप्पा. गाडीत."

"ताई, त्यांचा आवाज गेलाय. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय." मग तो सोफ्यावर बसवलेल्या अप्पांकडे वाकला आणि मुक्या माणसाशी बोलताना लोक ओरडतात तसा ओरडला, "अप्पा! तुम्ही बोलता? ताईशी?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. गादी उडवणाऱ्या पोरांकडे पाहिलं. आणि हात हलवून सांगितलं, नाही.

तिला वाटलं, आपल्या कानाखाली कुणी वाजवली. नाही? सगळा उन्हाळा मी वेडी होते का? दुकानांच्या पाट्या मी वाचत होते? धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, समजुतीचा, आणि तिने तो झटकून टाकला. तिला ठाऊक होतं अप्पा नाही का म्हणाले. या घरात त्यांनी ओठ हलवले की लगेच कुणीतरी म्हणणार, काय? काय म्हणालात? मोठ्याने! ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला मोठ्याने म्हणायला लावलं त्याला ते सोसणार नव्हतं. कळत होतं सगळं. कळलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे. "उद्या जाऊन येऊ दे," ती धाकट्याला म्हणाली. "उद्या त्यांना काही त्रास झाला तर तुझा निवास. नाही झाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." धाकटा हसला, म्हणाला, "बघू." तिने अप्पांकडे न बघता दार ओढून घेतलं.

शुक्रवारी ऊन आणखी चढलं होतं. मदतीला आलेल्या वहिनीने अप्पांना मधल्या सीटवर टेकवलं, उशी लावली. गाडी कोपऱ्यावर वळली आणि आरशात अप्पांचे ओठ उघडले. कालचं जणू काही झालंच नव्हतं. ती स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाली, "गप्प बसा."

ओठ तसेच उघडे राहिले.

"अगदी गप्प. मी सांगेपर्यंत एक शब्द नाही." आणि तिने पंखा चारवर सोडला. हे दोन शब्द तिने आयुष्यात हजारदा ऐकले होते, जेवताना, अभ्यास करताना, आईच्या तिरडीपाशीसुद्धा. आज पहिल्यांदा ते उलट्या दिशेने गेले आणि गाडीची काचही फुटली नाही. अप्पांनी तोंड मिटलं. शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर घेऊन बसले. तिला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं, पुलापर्यंत. मग ते बरं वाटणंच चिडवायला लागलं. ती वेगात होती, सिग्नल पिवळा असताना निसटत होती, उजवीकडून घुसणाऱ्यांना शिव्या देत होती, आणि गाडीतला गारवा मात्र वाढत होता. सीटचं रेक्झिन गार, काचा गार, अप्पांच्या अंगावरची चादर गार. तिला तेच हवं होतं. ती गाडीला थंडीने शिगोशीग भरत होती, टाकी भरावी तशी.

केंद्राच्या फाटकातून आत शिरली तेव्हा शेकाच्या वेळेला बराच अवकाश होता. शेडच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत तिने गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. पंखा थांबला. इतकी शांतता झाली की तिला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि गाडीखाली पाण्याचे थेंब पडताना ऐकू आले. नेहमीसारखे, एक एक. आतला गारवा जागच्या जागी उभा होता. ती सीटवर पूर्ण मागे वळली. आरशातून नाही, समोरासमोर. अप्पांची मान केवढीशी झाली होती, कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी. "बोला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न आठवत होता. "दुसऱ्या दिवशी बस नव्हती," ते म्हणाले. कागदावरून बोट. प्रत्येक अक्षर स्वच्छ.

"आणि तिसऱ्या?"

"तुला ताप होता. तुझ्या आईने औषधाला पिटाळलं."

"मग ताप उतरल्यावर?"

ते आठवायला लागले. मुद्दाम थांबलेले नव्हते, खरंच आठवत होते, भुवया आकसून, एखाद्या पेटीची किल्ली कुठे ठेवली ते आठवावं तसे. खुर्ची घेऊन मदतनीस आला आणि त्याने काचेवर बोटाने टकटक केली. तिने न बघताच त्याला पंजा दाखवला. थांबा.

"मग," अप्पा म्हणाले, "राहूनच गेलं."

तो त्याग, तो डोंगर, रात्री पाठीवरून फिरणारा आईचा हात. तुमच्यासाठी राहिलेत गं ते. भिंतीपाशी उभं राहायचं, परत परत सांगायचं, झाकण घट्ट दाबून धरायचं, सगळं आयुष्य, एका उपकाराच्या नावाखाली, आणि उपकार कुणी केलाच नव्हता. बस नव्हती. ताप होता. राहूनच गेलं. तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं, इतक्या जोरात की शेडचे पत्रे उडावेत, आणि तिला जाणवलं की आता ओरडायला हरकत नाही. आता कुणाचं काही देणं नव्हतं. आता हा राग तिचा स्वतःचा होता, निखळ, आणि समोर बसलेला माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर देऊन बसला होता. अप्पा तिच्याकडे बघत होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि काही मागितलंही नव्हतं. बाहेर मदतनिसाने पुन्हा टकटक केली. काचांच्या कडेने ऊब आत यायला लागली होती. अजून थोडा वेळ होता.

"परत सांगा," ती म्हणाली. तिला प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं. "मोठ्याने. ऐकू आलं नाही."